एंगेज

या जानेवारीत आईशी व्हिडिओवर बोलत होतो. तिच्याकडे सकाळचे नऊ, माझ्याकडे रात्रीचे साडेदहा. तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, त्यामुळे मला अर्धी आई दिसत होती आणि अर्धा छताचा पंखा. ती मटार सोलत होती. शेजारच्यांचा मुलगा जर्मनीला गेलाय आणि फोन उचलत नाही, म्हणून त्याच्या आईच्या डोळ्यांना धार लागलीय, असं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता म्हणाली, "तुझं तसं नव्हतं हो. तुझा सारखा एंगेज लागायचा. त्या भूकंपाच्या दिवशी तर मी चारदा लावायला सांगितला, चारही वेळा एंगेज. म्हटलं बरं आहे, पोराला तिकडे बोलायला माणसं आहेत." आणि एक किडका दाणा बोटाने उडवून ती पुढच्या विषयावर गेली.

मी हसलो, हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण त्या रात्री मी तासन्‌तास ज्याच्याशी बोलत होतो, तो एक मॉडेम होता, कम्प्युटरला फोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारं यंत्र.

भूकंप म्हणजे २६ जानेवारी २००१ चा, भुजचा. तेव्हा मी न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो. राहत होतो म्हणजे उरलो होतो. ज्या कन्सल्टन्सीने आम्हा चौघांना आणलं होतं तिने एका अपार्टमेंटमध्ये ठेवलं होतं, त्यातला एक टेक्सासला प्रोजेक्टवर गेला, एक मिनेसोटाला, आणि तिसऱ्याने सरळ परतीचं तिकीट काढलं. वर्षापूर्वी डॉट-कॉमचा जो फुगा दिसत होता त्यातली हवा एव्हाना गेली होती. मी बेंचवर, म्हणजे कंपनीत असून हाताला प्रोजेक्ट नाही. बेंच हा शब्द ज्याने भोगलाय त्याला समजावावा लागत नाही आणि ज्याने भोगला नाही त्याला समजावून उपयोग नाही. पगाराच्या नावाने जे यायचं त्यात भाडं, तांदूळ, डाळ आणि फोनचं बिल बसायचं. परत गेलेल्याने जाताना त्याचा कम्प्युटर मला दीडशे डॉलरला दिला आणि गाद्या फुकट. चार गाद्या आणि मी एकटा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या तीन गाद्यांकडे पाठ करून मी कम्प्युटरसमोर बसायचो.

इंटरनेट लागणारच होतं, कारण नोकरी तिथेच शोधायची होती. पण एओएल या इंटरनेट कंपनीला महिन्याला २१ डॉलर ९५ सेंट देणं जिवावर यायचं. तेव्हा अमेरिकेत फुकटच्या डायल-अपची, म्हणजे फोन लावून मिळणाऱ्या इंटरनेटची, एक लाट येऊन गेली होती. मी पोहोचलो तोवर ती ओसरत होती, म्हणजे नेहमीप्रमाणे पंगत उठल्यावर. परत गेलेल्या मित्राने एका चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहून ठेवली होती आणि माझी पाळी येईपर्यंत त्यातल्या निम्म्यांवर काट मारायची वेळ आली होती. फ्रीइंटरनेट ऑक्टोबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. अल्टाव्हिस्टाचं फुकट कनेक्शन डिसेंबरात बंद झालं. केमार्ट दुकानांचं ब्लूलाइट होतं, ज्यांच्या जिवावर ते चालायचं ती कंपनीच डिसेंबरात बसली आणि ब्लूलाइट कसंबसं पुढे ढकललं गेलं. उरल्या नेटझिरो आणि जूनो. नेटझिरोने त्याच जानेवारीपासून महिन्याला ४० तासांची मर्यादा घातली. चाळीस तास म्हणजे दिवसाला एक तास वीस मिनिटं. मी भिंतीवरच्या किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहायचो, दूधवाल्याचा हिशोब लिहावा तसे.

फुकट म्हणजे काय, ते नाव नोंदवतानाच कळायचं. वय किती, उत्पन्न किती, घरात माणसं किती, गाडी आहे का, आवडीनिवडी काय. स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न. त्यातून म्हणे तुमच्याजोग्या जाहिराती निवडल्या जायच्या. मी उत्पन्नाच्या रकान्यात भीत भीत सगळ्यात वरचा आकडा टाकला, तर पुढे सहा महिने मला जहाजातून सफरीला चला, असं आमंत्रण येत राहिलं. स्क्रीनवर जाहिरातींची एक आडवी पट्टी कायम असायची. ती हलवता यायची, पण घालवता यायची नाही. काही दिवसांनी तिची इतकी सवय झाली की ती नसली की चुकल्याचुकल्यासारखं वाटे. जूनोने तर कमाल केली. तुमचा कम्प्युटर रिकामा असेल तेव्हा आम्ही तो आमच्या गणितांसाठी वापरू, त्यासाठी तो चालू ठेवायला सांगू, अशी कलमं अटींमध्ये घातली. सगळ्या गिऱ्हाइकांचे कम्प्युटर जोडून एक महासंगणक करायचा बेत होता. मी ते वाचून मनापासून हसलो. म्हटलं, बेंचवर बसवलेल्याला कामाला लावायची युक्ती आमच्या कंपनीला सुचली नाही, यांना सुचली.

खरी गोम मात्र वेगळीच होती, मॉडेमने कोणता नंबर फिरवायचा ते निवडण्यात. सॉफ्टवेअर तुमचा एरिया कोड विचारायचं आणि आसपासच्या नंबरांची यादी समोर ठेवायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हा कॉल लोकल आहे ना, याची खात्री फोन कंपनीकडे करून घ्या. मी डोंबिवलीचा. आमच्याकडे कोड सारखा म्हणजे गाव सारखं. एडिसनचा कोड ७३२, यादीत टॉम्स रिव्हरचाही ७३२, म्हणून मी बिनधास्त तो घेतला. प्लेनफील्डचा नंबर ९०८ ने सुरू होत होता म्हणून परका समजून सोडला. प्लेनफील्ड मला सायकलने गाठता आलं असतं. टॉम्स रिव्हर खाली समुद्राच्या अंगाला, गाडीने जायला तास लागतो. महिनाअखेरीस बिल आलं ते पाकिटात मावत नव्हतं. पानंच्या पानं, एकाच नंबराला केलेले कॉल, प्रत्येकापुढे मिनिटं आणि सेंट. एकूण एकशे एकोणचाळीस डॉलर. फुकटच्या इंटरनेटचं. मी फोन कंपनीला फोन करून गयावया केली, तर पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात मला सांगितलं की सर, कोड सारखा असला म्हणून कॉल लोकल होत नाही. त्या महिन्यात मी पोहे फार खाल्ले.

तरी अमेरिकेत ही फुकटेगिरी चालू शकत होती, कारण लोकल कॉल कितीही वेळ करा, महिन्याचं भाडं तेवढंच. आमच्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हापासून दोन मीटर एकदम पळायचे, एक त्यांच्या तासांचा आणि एक फोनच्या पल्सचा. पुढे कोलकात्याच्या कॅलटायगरने आपल्याकडेही फुकट इंटरनेट आणलं. पुण्याच्या मित्राने मोठ्या उत्साहाने मला ईमेल पाठवली होती, रोमन लिपीतल्या मराठीत, "aata apan pan fukat". दोन महिन्यांनी दुसरी आली. त्यात फक्त टेलिफोनच्या बिलाचा आकडा आणि त्याच्या वडिलांचं एक वाक्य होतं, जे मी इथे देत नाही.

आता मॉडेम. कम्प्युटरच्या पोटात एक होता, पण तो स्वतः काही करत नसे, सगळं काम कम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलायचा. काही माणसं असतात तशी. रॅरिटन सेंटरला कम्प्युटरच्या सुट्या भागांची जत्रा भरायची, तिथून मी वीस डॉलरला बाहेरचा मॉडेम आणला. काळी चपटी पेटी, पुढे लाल दिव्यांची रांग. पाठवतोय त्याचा एक दिवा, येतंय त्याचा एक, पलीकडे कोणी आहे त्याचा एक. खोलीतला मोठा दिवा मी बंद ठेवायचो. अंधारात ते दिवे लुकलुकत असले की घरात कोणीतरी जागं आहे असं वाटायचं.

त्याचा आवाज आता लोक गंमत म्हणून ऐकवतात. मला त्यातला प्रत्येक तुकडा अजून वेगळा ऐकू येतो. आधी डायल टोनचा हुंकार, मग आकड्यांची टिपरी, रिंग, खट्ट. मग पलीकडून एक लांब, सरळ शिट्टी. २१०० हर्ट्झची ही शिट्टी निव्वळ हॅलो नसते. माणसं बोलत असताना त्यांचाच आवाज उलटून त्यांच्या कानावर पडू नये म्हणून फोनच्या वाटेत एक यंत्रणा असते. ही शिट्टी तिला सांगते की तू आता बाजूला हो, इथून पुढे माणूस बोलणार नाहीये. त्यानंतरची सगळी खरखर म्हणजे दोघा मॉडेमची घासाघीस, लाइन कशी आहे, किती झेपेल. खोक्यावर सेकंदाला छपन्न हजार बिट असं लिहिलेलं असायचं. पण अमेरिकेत नियमानेच ५३,३०० च्या वर जाता येत नव्हतं आणि मला मिळायचे २६,४००.

हे २६,४०० मला खुपत होतं. नोकरी नाही, माणूस नाही, गाडी नाही, याचं इतकं नाही वाटायचं, पण शेजाऱ्याला पंचेचाळीस हजार मिळतात आणि मला सव्वीस, याने झोप लागत नसे. मॉडेमच्या सेटिंगमध्ये जादा आज्ञा लिहायला एक रिकामी चौकट असायची. तिथे एटीने सुरू होणारी मंत्राक्षरं टाकायची. एटी म्हणजे अटेन्शन, आधी सावधान, मग हुकूम. एम शून्य लिहिलं की स्पीकर गप्प. एक्स तीन लिहिलं की डायल टोनची वाट न पाहता नंबर फिरवायचा. एस-अकरा म्हणजे आकडे किती भरभर दाबायचे. एस-दहा म्हणजे पलीकडचा आवाज गेल्यावर किती दशांश सेकंद दम धरायचा आणि मग फोन ठेवून द्यायचा. मी आईच्या स्तोत्रांच्या वहीसारखी एक वही केली होती आणि त्यात ही अक्षरं उतरवून घ्यायचो.

आणि स्टार सत्तर.

विंडोज अठ्ठ्याण्णवमध्ये डायल करण्याच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता, तुमच्या लाइनवर कॉल वेटिंग असेल तर ते बंद करण्यासाठी काय डायल करायचं ते त्यात लिहायचं. तिथे *७० टाकायचं आणि पुढे स्वल्पविराम. स्वल्पविराम म्हणजे मॉडेमने दोन सेकंद थांबायचं. तो विसरला की पुढचे आकडे हवेत जायचे, कारण स्टार सत्तर दाबल्यावर फोन आधी तीनदा अडखळतो, टुक टुक टुक, आणि मग नवा डायल टोन देतो. हे करायचं कारण असं की नेट चालू असताना कोणाचा फोन आला, तर कॉल वेटिंगची जी बारीक पिंग वाजते तिने मॉडेम दचकतो आणि लाइन तुटते. स्टार सत्तर लावलं की पिंग नाही, तुटणं नाही. बाहेरून फोन करणाऱ्याला फक्त एंगेज.

दिवसा मी त्या चौकोनातली खूण काढून ठेवायचो. का, तर रिक्रूटरचा फोन येईल. एस-दहाचा आकडाही अगदी लहान करून ठेवला होता, म्हणजे पिंग वाजली रे वाजली की मॉडेमने लगेच हात वर करावे, लाइन सुटावी आणि फोन वाजावा. ही युक्ती मी शोधून काढल्याचा मला अभिमान होता. नेट मध्येच तुटलं की मी श्वास धरून टेबलावरच्या फोनकडे बघायचो. वाजतोय का? बहुतेक वेळा तो वाजायचा नाही, नेट आपलं आपणच तुटलेलं असायचं. वाजला तर पलीकडून कोणीतरी मला लांब पल्ल्याची स्वस्त फोनसेवा विकत असे. आणि रात्री आठ वाजले की मी न चुकता ती खूण परत लावायचो. रात्री कोण फोन करणार?

एडिसनची रात्र म्हणजे डोंबिवलीची सकाळ, हे गणित मी दर रविवारी कॉलिंग कार्ड खरवडताना करत होतोच की.

२५ जानेवारीचा गुरुवार होता. माझ्या लाइनचा दोष कुठे आहे, याचा छडा लावायचाच, असं ठरवून मी बसलो होतो. इतरांनी लिहून ठेवलेले उपाय नेटवर वाचायचे, एक करून बघायचा, फोन तोडायचा, परत लावायचा, आकडा बघायचा. २६,४००. परत. २६,४००. फोनचं सॉकेट स्वयंपाकघरात होतं आणि तिथून खोलीपर्यंत मी पन्नास फुटांची चपटी वायर भिंतीच्या कडेने, हीटरच्या मागून आणली होती. एका जागी कोणीतरी लिहिलं होतं की आधी वायर बदला, मग देवाला बोला. मी मॉडेम आणि कम्प्युटर उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले, तांदळाचा डबा बाजूला सारला आणि जुन्या फोनची हातभर लांबीची वायर लावली. हुंकार, तीन अडखळ, टिपरी, शिट्टी, खरखर. कोपऱ्यातली चौकट उघडली. ४५,३३३.

मी उभ्या उभ्या टाळी वाजवली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते, ते आठवतं, कारण आता हे कोणाला सांगावं असं वाटून मी घड्याळ पाहिलं होतं.

डोंबिवलीत तेव्हा पावणेदहा. एक तासापूर्वी, आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी, कच्छमध्ये जमीन हलली होती आणि तिचा झोल आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. आई-बाबा झेंडावंदन करून नुकतेच वर आलेले. देवघरातला टांगता दिवा हलायला लागला. सगळी सोसायटी परत खाली. अमेरिकेत बातमी कळेल, पोरगा घाबरेल, म्हणून आई नाक्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवर गेली, कारण घरच्या फोनला आयएसडी नव्हतं. हे सगळं तिने मला वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने सांगितलेलं. "मग तुला फोन केला, तो लागला नाही," हाही एक तुकडा होता. लागला नाही, याचा अर्थ मी आपला लाइन जाम असतील असा घेतला होता. त्या दिवशी सगळ्यांच्याच होत्या.

आणि मला? मी जगातल्या सगळ्या बातम्या जिथे मिळतात त्या जाळ्यात रात्री दहापासून एकपर्यंत होतो आणि मला काहीही कळलं नाही. मी वायरविषयी वाचत होतो. सकाळी ओक ट्री रोडला दूध आणायला गेलो, तर दुकानातले पटेलभाई काउंटरवर नव्हते. मागे छोट्या टीव्हीसमोर आठ-दहा जण उभे होते, एक म्हातारी खुर्चीत बसून फोनच्या रिसीव्हरवर एकच नंबर पुन्हा पुन्हा दाबत होती आणि प्रत्येक वेळी कानाला लावून परत ठेवत होती. कोणी बोलत नव्हतं. मी दुधाचे पैसे काउंटरवर ठेवले, एक कार्ड घेतलं आणि घरी येऊन दिवसभर प्रयत्न करत राहिलो. संध्याकाळी लागला. "आम्ही ठीक आहोत," आई म्हणाली, "तू जेवलास का?"

आता पंचवीस वर्षांनी हे चार एंगेज मिळाले आणि मी मनातल्या मनात ती रात्र परत परत लावून बघतो. पावणेअकरा ते पावणेबारा या तासाभरात मी कमीत कमी दहा-बारा वेळा फोन तोडून परत लावला असेल. प्रत्येक वेळी मध्ये काही सेकंद लाइन मोकळी. मॉडेम ओट्यावर हलवला तेव्हा तर चांगली पाच मिनिटं. त्या फटींमधून तिचा एकही फोन आत शिरला नाही. गंमत वाटते, आणि गंमत वाटते म्हणून वाईटही वाटतं. एओएलने आपलं डायल-अप ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केलं तेव्हा इथल्या ऑफिसात सगळे तो आवाज फोनवर वाजवून हसत होते. मीही हसलो. तेव्हा मला हे चार एंगेज ठाऊक नव्हते.

शेवटी परवा आईला सांगून टाकलं. माणसांशी नव्हतो बोलत गं, नेट लावलेलं असायचं, त्याने फोन अडायचा. स्टार सत्तर वगैरे काही सांगितलं नाही. तीन गाद्यांचंही नाही. ती या वेळी मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली.

"मग दुसरा फोन नव्हता घेता येत?"

"येत होता. महिन्याला वीसेक डॉलर पडले असते."

"म्हणजे तेव्हाचे किती?"

"नऊशे-साडेनऊशे."

"दरमहा?"

"दरमहा."

"मग बरोबर केलंस," ती म्हणाली आणि जुडी परत उचलली. "आणि एंगेजचे तो बूथवाला पैसे लावायचा नाही. म्हणून तर मी चारदा लावायला सांगितला. लागला असता तर मिनिटाला पन्नास-साठ रुपये."